पावण्याची थाळी

काकी, आपलं शेवटचं बोलणं म्हणजे भांडणच होतं. तेही समोरासमोर नाही, फोनवर. आमच्या सायलीने तुला मोबाइलवरून आवाज पाठवायला शिकवलं होतं ना, त्यामुळे ते भांडण अजून माझ्या फोनमध्ये जसंच्या तसं आहे. माझं दोन मिनिटांचं, तुझं सात सेकंदांचं. मी तावातावाने सांगतेय की तुळशीचं लग्न झालं की तू दिलेल्या त्या कुत्र्याला, पावण्याला, आणून तुझ्या वाडीत सोडते, माझ्याच्याने होत नाही. आणि तू म्हणतेयस, "दे आणून. जागा हाय. पन घाई काय हाय तुला?" मागे तुझा कोंबडा ओरडतोय.

घाई काय हाय तुला! जन्मभर दुसऱ्यांना हेच सांगत आलीस. आणि स्वतः मात्र भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, वांगी तोडता तोडता, अर्धी टोपली तशीच टाकून निघून गेलीस. ना दवाखाना, ना कुणाला हाक. एरवी भाजीच्या चार पेंढ्या उरल्या तरी त्या विकल्याशिवाय न उठणारी बाई तू. घाई नक्की कुणाला होती, सांग बरं?

रागावलेय मी, कळतंय ना? बरं झालं तू वाचायला शिकली नाहीस. नाहीतर हे वाचून पदर तोंडाला लावून हसली असतीस.

मी तुला अगंतुगं करते याचं आमच्या कराडकडच्या माणसांना नवल वाटतं. माझ्या आईच्या वयाची तू. आम्ही सरावलीत राहायला आलो तेव्हा मी नव्या नवरीसारखी "अहो काकी, ही पापडी कशी दिली तुम्ही" असं करायचे. दोन दिवस ऐकून घेतलंस. तिसऱ्या दिवशी म्हणालीस, "तुमी तुमी काय लावलंस गो बाय? मी काय ग्रामसेवक हाय?" तेव्हापासून तू ती तूच. बेटेगावहून रिक्षात टोपली घेऊन यायचीस, आमच्या बिल्डिंगखाली जिन्याशेजारी पोतं अंथरायचीस. कारखान्यांच्या पहिल्या पाळीच्या बसेस गेल्या की तुझा बाजार सुरू. शिराळी, वांगी, अळू, केळफूल. आणि टोपलीच्या तळाशी, भाजीखाली दडवलेला तो स्टीलचा डबा. त्यात रात्रीचा भात आणि बोंबलाची डोकी. गिऱ्हाइकांच्या आधी तो डबा उघडायचा, हा तुझा नेम.

मला तुझी पहिली ओळख झाली ती तुझ्या पाठीचीच म्हण. तू चार ठिकाणी भाताचे ढीग ठेवायचीस. एक मीटरच्या पेटीखाली, एक टँकरच्या मागे, एक गेटाबाहेर, एक गटाराच्या कडेला. एकाच्या ढिगावर दुसरं कुत्रं येऊ नये म्हणून. आणि ठेवलं की झटकन पाठ फिरवून भाजी लावायला बसायचीस. एकदाही वळून बघायची नाहीस. मी गॅलरीतून बघायचे आणि मला वाटायचं, काय ही बाई! दया म्हणावी तर मायेने बघत पण नाही. शेवटी विचारलंच, "अगं, खातात की नाही बघ तरी." तर म्हणालीस, "मी कशाला बघू? तू जेवताना तुझ्या घासाकडं कोन टक लावून बसलं तर खाली जाईल काय?"

बिल्डिंगचे सेक्रेटरी एकदा अंगावर आले तुझ्या. कुत्री घाण करतात, उद्यापासून इथे बसायचं नाही, वगैरे. मी वरून पदर खोचून खाली धावले. भांडायची हौस मला पहिल्यापासून. येईपर्यंत तू त्यांच्या हातात अळूची जुडी ठेवलेली. दुसऱ्या दिवशी ते उठायच्या आधी तू खराट्याने अख्खं आवार झाडून काढलंस, पाणी मारलंस. त्या दिवसापासून सेक्रेटरी गप्प. अळूवड्या खाऊन माणसाला भांडता येत नाही, हे मला तुझ्याकडून कळलं. मी मात्र शिकले काहीच नाही.

आणि बंड्या गेला तेव्हा... काकी, ते मी तुला कधी नीट बोललेच नाही.

अकरा वर्षं होता बंड्या आमच्यात. सायली चौथीत असताना खिशात मावेल एवढं पिल्लू म्हणून आणला होता. शेवटचे दोन महिने मूत्रपिंडाचं दुखणं. मे महिन्यातली दुपार, हे पहिल्या पाळीवरून अजून यायचे होते, आणि तो माझ्या शिलाई मशीनखाली पाय ताणून गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आमच्या. अंगण नाही, जमीन नाही. एवढा जीव ठेवायचा कुठे? शेजारणीने सांगितलं, कचऱ्याच्या गाडीवाल्याला शंभर रुपये द्या, तो नेतो. मी तशीच खाली उतरले आणि तुझ्यासमोर उभी राहिले. बंड्या गेला, कचऱ्याची गाडी, एवढंच कसंबसं बोलले. तू वर बघितलंस आणि टोपलीवर फडकं टाकलंस.

"कचऱ्याच्या गाडीत? बंड्याला? गप रहा तू," म्हणालीस. "त्याला चादरीत घे. आमी काय मेलोय काय?"

उन्हाने वाडीतली जमीन नुसती दगड झाली होती. तुझ्या लेकाने, नरेशने, पहार घेतली, तू बादलीने पाणी ओतत राहिलीस, माती मऊ व्हावी म्हणून. चिकूच्या झाडाखाली कमरेएवढा खड्डा. खाली केळीचं पान अंथरलंस तू. आमचे हे कामावरून परस्पर तिथे आले. बॉयलरवर काम करणारा माणूस, स्वतःच्या वडलांच्या वेळी डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. तिथे चिकूला धरून हुंदके देत होते. आणि तू? त्यांच्याकडे पाठ करून कोंबड्यांना हुसकत राहिलीस. तेव्हा मला वाटलं, बाईला कसं बोलावं ते कळत नाही. आता कळतंय की माझ्या नवऱ्याला तू पोटभर रडू दिलंस.

घरी आल्यावर मी शपथ घेतली. पुन्हा कुत्रं नाही. सायलीने पिल्लांचे फोटो दाखवायला सुरुवात केली तर मी तिचा मोबाइल काढून घेतला. बंड्याचं ताट घासून, पुसून, कपाटात वरच्या फळीवर. विषय संपला म्हटलं.

श्रावणात तू वर आलीस. गुडघे धरत दोन मजले चढून. मी म्हटलं, काय झालं, भाजी राहिली का? तू पाणी प्यायलीस आणि त्या कुत्र्याचं सांगायला लागलीस. मागच्या चाळीत एक उत्तरेकडचा कामगार राहायचा. काम सुटलं, कुटुंब घेऊन दुसरीकडे गेला. खोलीला कुलूप आणि दाराशी कुत्रा. दीड महिना तो त्या कुलपासमोर बसून होता. नवे भाडेकरू आले, त्यांनी हाकलला. कुणी काही टाकलं आणि तो खाताना दिसला की पोरं दगड मारायची. तू त्याला वाडीत नेलंस, पण तुझ्याकडच्या चार दांडग्यांनी त्याला भाताजवळ फिरकू दिलं नाही.

"घर पायजे त्याला," म्हणालीस. "गरीब हाय. चार-पाच वर्सांचा असेल."

मी हात जोडले. काकी, मला नको सांगूस. माझ्यात ताकद नाही.

तू माझ्याकडे बघितलंस आणि अगदी सहज, अळूचा भाव सांगावा तसं म्हणालीस, "बंड्याला माझ्याकडं ठेवलंस ना? आता माझा एक तू ठेव. महिनाभर पावणा म्हनून ठेव. नाय जमला तर आन परत."

मी हो म्हटलं, पण महिनाभरासाठीच. नाही म्हणायची सोयच ठेवली नाहीस तू.

तो आला. तपकिरी, एक कान दुमडलेला, पाठीवर जुन्या जखमेचा पट्टा. नाव ठेवायचंही सुचलं नाही कुणाला, पावणा म्हणालीस तर पावणा. उंबऱ्याशी बसला, तोंड बाहेर करून. सायलीने "ये रे, ये रे" करून जीव काढला, ढिम्म हलेना. तू तुझ्या हिंदीत म्हणालीस, "अंदर आव रे बाबा, कोन मारता है इदर," तर उठून आत आला आणि मशीनच्या पलीकडे, भिंतीला पाठ लावून बसला. बंड्याच्या जागेवर मात्र नाही. ती जागा वास घेऊन सोडली त्याने.

आणि मग मी माझा कराडी पाहुणचार सुरू केला. आमच्याकडे पाहुणा जेवायला बसला की घरची बाई ताटाशी उभी. घ्या की अजून, लाजताय काय, एवढ्याने काय होतंय. पाहुण्याने ताटावर आडवा हात धरला तर त्या हातावर वाढायचं, अशी आमची रीत. मी कपाटातलं बंड्याचं ताट काढलं, त्यात सुकट घालून भात कालवला आणि पावण्यापुढे फतकल मारून बसले. खा रे राजा. बघ कसं छान आहे. खा की. हाताने घास धरला नाकाशी. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, काकी, लाळ, आणि तो मान फिरवून थरथरत होता. मी आणखी पुढे सरकायचे. तीन दिवस! रात्री कधीतरी ताट रिकामं व्हायचं, पण दिवसा एक शीत नाही.

तिसऱ्या दिवशी तू आलीस तेव्हा मी हातात घास घेऊन त्याच्यापुढे बसले होते. तू दारातच हसायला लागलीस. "अगो बाय, याला जावई करून घेतेस काय? इतका आग्रह कसला?" मग जवळ येऊन त्या थाळीकडे बघितलंस. "ही कोनाची?" मी म्हटलं, बंड्याची.  दुसऱ्या दिवशी टोपलीतून एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, थाळी काढलीस, चेमटलेली, काठाला पोचे आलेली, तुझ्या घरातली. "बंड्याची बंड्याला ऱ्हाऊं दे. याला याची दे."

त्यात भात वाढलास. आणि मला दंडाला धरून उठवलंस. "चल आत. मला चहा दे. त्याच्याकडं पाठ कर."

आपण दोघी ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिलो. चहाला उकळी येत होती. बराच वेळ काही नाही. मग मागून थाळी फरशीवर सरकल्याचा आवाज आला. मी वळणार तोच तू माझी मान धरलीस, खरंच धरलीस, आणि म्हणालीस, "बघू नको. ऐक."

थाळी सरकत सरकत पार दारापर्यंत गेली. चाटूनपुसून. आपण दोघी चहा प्यालो. तो चहा इतका गोड झाला होता की तू सुद्धा तसं बोललीस.

तुझी करामत तिथे मी मानली, काकी. नुसती मानली नाही, चारचौघींना सांगत सुटले. पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. आठवडा, महिना, दोन महिने. त्याला आमच्या पायऱ्या कळल्या, यांच्या पाळीच्या वेळा कळल्या, सायली कॉलेजातून आली की शेपूट हलायला लागली. पण जेवण? आम्ही पाठ केल्याशिवाय नाही. मी चुकून वळले तर तोंडातला घास टाकून बाजूला. बंड्या आमच्या तोंडातला घास मोजायचा, यांच्या ताटातली भाकरी ओढायचा. आणि हा, माझ्या घरात, माझ्या हातचं, मला चोरून खायचा. लागायचं गं मला. मी बंड्याशी तुलना करायचे आणि मग स्वतःचीच लाज वाटायची आणि मग तुझाच राग यायचा.

त्यात पालघरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचे दात बघितले. म्हणाले, याचं वय नऊच्या आत नाही, दहाही असेल.

झालं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. फसवलंस तू मला. चार-पाच म्हणालीस आणि म्हातारा कुत्रा गळ्यात मारलास. म्हणजे अजून दोन वर्षांनी, तीन वर्षांनी मी पुन्हा चादर घेऊन तुझ्या चिकूखाली यायचं? मी खाली उतरले, गिऱ्हाइकं असताना, सगळ्यांदेखत तुला बोलले. काय काय बोलले ते आता लिहवत नाही. तू वांगी निवडत होतीस. म्हणालीस, "वय सांगितलं असतं तर उंबरा चढू दिला असतास काय?" मी म्हटलं, मुळीच नाही. "मग?" म्हणालीस. "आनी माझं वय काय कमी हाय? मला तू वर बोलावतेस, चहा पाजतेस. मला कवा दात दाखव म्हणालीस?"

गिऱ्हाइकं हसली. मी आणखी चिडले. त्यानंतर वीस दिवस मी तुझ्याकडून भाजी घेतली नाही. तुझ्या डोळ्यांसमोरून बाजारात जाऊन बेचव वांगी आणायचे. तू रोज वर बघून विचारायचीस, "जेवतो काय ग पावणा?" आणि मी ऐकू न आल्यासारखं करायचे. मग दिवाळीच्या आधी तो आवाज पाठवला. तुळशीचं लग्न झालं की आणून सोडते.

आता तुला जे सांगायचं राहिलं ते सांगते. लक्ष्मीपूजनाला फटाके सुरू झाले तेव्हा मी सायलीच्या कुर्त्याची शिवण घालत होते. एक मोठा बार झाला. पावणा भिंतीपासून उठला, मशीनखाली शिरला, बंड्याच्या जागेवर, आणि त्याने हनुवटी माझ्या पायावर ठेवली. अख्खा थरथरत होता. माझा पाय पायडलवर होता. मी मशीन बंद केली. दीड तास मी पाय हलवला नाही, काकी. पायाला मुंग्या आल्या, बधिर झाला, तरी नाही. सायली म्हणाली, "आई, काकीला फोन कर ना, सांग ना." मी म्हटलं, नको, तिला वाटेल मी हरले.

तीन दिवस होते माझ्याकडे. एक फोन. दहा सेकंद लागले असते. केला नाही मी.

दहाव्याला बेटेगावला आले. ह्यांची पाळी, सायलीची परीक्षा, पावण्याला घरी एकटं ठेवणं जमेना, म्हणून त्याला बरोबर घेतलं. लोकांना असं सांगितलं. तुला खरं सांगते. माझ्या पिशवीत त्याची जर्मनची थाळी होती. काही ठरवलं नव्हतं, पण थाळी घेऊन निघाले होते. रिक्षात तो माझ्या पायाशी बसला होता आणि मी त्याच्या दुमडलेल्या कानाकडे बघत स्वतःला समजावत होते की वाडीत मोकळा राहील, तिथली हवा चांगली, आमच्याकडे एमआयडीसीचा वास. मन किती लबाड असतं बघ.

नरेश पुढे आला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. पावण्याकडे बघून म्हणाला, "आणलात काय काकू? या, आईने याची जागा करून ठेवलीय."

पंपाच्या खोलीमागे घेऊन गेला मला. तीन पोती एकावर एक अंथरलेली. पुढे पत्रा आडवा लावलेला, बाकीच्या कुत्र्यांना दिसू नये म्हणून. याला एकट्याला, कुणाच्या नजरेआड जेवता यावं म्हणून. दिवाळीतच केलं तू हे, नरेश म्हणाला. फराळ टाकून पत्रा शोधत बसली होतीस म्हणे. मी विचारलं, थाळी? तर तो म्हणाला, "थाळी तुमी आनालच, बोलली."

माझ्या रागाचं बोलणं तू खरं धरलंस, काकी. ना रुसलीस, ना मला चार शब्द सुनावलेस. मी त्याला टाकणार असेन तर तो पडावा कुठे, एवढंच बघितलंस आणि पोती अंथरलीस. अशी कशी गं तू? मी त्या पत्र्याला धरून उभी राहिले आणि पिशवी छातीशी घट्ट धरली. थाळी बाहेर काढली नाही.

तळ्याच्या काठी पिंड ठेवला. भाताचा, वर दही, शेजारी तुझ्या आवडीचा कपबशीभर चहा आणि बिस्किटं. आम्ही सगळे लांब सरकलो, मी पावण्याला दोरीने धरून. कावळे होते, समोरच्या ताडावर चांगले पाच-सहा. पण एकही उतरेना. नरेश हात जोडून म्हणाला, "आई, वाडी विकनार नाय." काही नाही. तुझी बहीण म्हणाली, "जमना, तुझ्या कोंबड्या-कुत्र्यांना आमी उपाशी ठेवनार नाय." काही नाही. ऊन चढलं. पाऊण तास झाला. माणसं घड्याळं बघायला लागली. मग तुझ्या बहिणीने सरळ माझ्याकडे बघितलं. तुझं-माझं भांडण सगळ्या गावाला माहीत होतं तर!

मी उठले. पंचवीस-तीस माणसं. भांडायला कधी लाजले नाही मी, पण तेव्हा माणसांकडे न बघता ताडाकडे बघितलं. म्हटलं, "काकी, पावण्याला परत आणणार नाही. तो माझ्यासमोर जेवो न जेवो. दोन वर्षं राहो नाहीतर दोन महिने. माझ्याकडेच राहील. आणि वेळ आली की मी चादर घेऊन येईन तुझ्या चिकूखाली. मी चुकले गं."

कावळा नाही आला. तू पण ना! मी तिथे रडत उभी, सगळे ताडाकडे बघतायत, आणि कावळे पंख खाजवतायत. भटजी म्हणाले, "अजून मागे व्हा सगळे, पाठ करा तिकडे, बघू नका. मग उतरेल." आम्ही सगळ्यांनी पाठ फिरवली. पदराने डोळे पुसताना माझ्या हातातली दोरी कधी सुटली मला कळलंच नाही.

मागून कपबशी किणकिणली.

मी वळले. तू असतीस तर मान धरली असतीस माझी, पण तू नव्हतीस, म्हणून वळले. पावणा पिंडाचा भात खात होता. भात ठेवलाय, सगळ्यांनी पाठ केलीय, म्हणजे तो आपल्यासाठीच, असं तूच शिकवलंस ना त्याला? कुणीतरी ओरडलं, "अरे कुत्रा! हाकला!" सगळे एकदम वळले. तीस माणसांचे साठ डोळे त्याच्यावर. त्याने मान वर केली. मिशीला दही. मला वाटलं, आता टाकतोय घास आणि पळतोय, दगड येणार म्हणून. त्याने सगळ्यांकडे बघितलं, मग मला शोधलं. माझ्याकडे चांगलं बघितलं. आणि मान खाली घालून उरलेला भात खायला लागला. सावकाश. माझ्यादेखत. मग बिस्किटं. मग बशीतला चहा.

एक माणूस काठी घेऊन पुढे झाला होता. नरेशने त्याचा हात धरला. "ऱ्हाऊं दे," म्हणाला. "आईने जल्मभर यांनाच घातलं." आणि तो हसायला लागला, हसता हसता खाली बसून रडायला लागला. भटजी काहीतरी अशुभ-बिशुभ म्हणत होते. तुझ्या बहिणीने त्यांना हाताने थांबवलं. "पोचलं जमनाला," म्हणाली. "चला आता."

भटजींनी दुसरा पिंड ठेवून त्याला दर्भाचा कावळा शिववला आपल्या समाधानासाठी. तो करू दे. मी मात्र पावण्याला घेऊन चिकूखाली जाऊन आले. बंड्याला सांगितलं, हा आपला आहे. पोती तशीच ठेव, असं नरेशला सांगून आले. कुणाला तरी लागतील. दुसऱ्या एखाद्या कुलपासमोर बसलेला असेलच कुणीतरी.

आता तुला वाटेल, घरी आल्यापासून हा माझ्यासमोर जेवत असेल. छे! आल्या आल्या परत तेच. थाळी ठेवली की बसून राहतो, माझ्याकडे बघत, कधी जातेस म्हणून. ती त्याची सवय आहे, आणि तीस माणसांसमोर जेवला तो तुझ्यासाठी, एवढं मला कळतं. सायली विचारत होती, आई, कधी गं जेवेल हा आपल्यासमोर?

मी ओट्याकडे तोंड करून चहा ठेवला होता. दोन कप पाणी टाकलं होतं, सवयीने. मागे फरशीवर तुझी थाळी सरकायला लागली. सायली वळून बघणार, तोच मी तिची मान धरली.

"बघू नको," म्हटलं. "ऐक. जेवेल. घाई काय हाय?"